विकताना ठोक, घेताना चिल्लर



रविवारी सायंकाळी विहारात वंदना झाली की ओट्यावर आम्ही मुलांचा हिशेबाचा वर्ग घेतो, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. दिवसभर कचेरीत फायलींचे ओझे वाहायचे आणि आठवड्यातून एकदा बी.कॉम.च्या पदवीचा समाजाला थोडा तरी उपयोग करून द्यायचा, एवढाच त्यामागचा हेतू. गेल्या हंगामात, म्हणजे २०२५ च्या दिवाळीनंतर, अशाच एका रविवारी वस्तीतल्या एक मावशी ओट्यापाशी आल्या. हातात एक चुरगळलेली चिठ्ठी आणि नातीची चाळीसपानी वही.

"दादा, एवढं वाचून सांगा. पोरगी म्हणती हिशोब चुकलाय. मी म्हणलं, शेठचा हिशोब कसा चुकंल?"

मावशींचे दोन एकर गायरान आहे. सासऱ्यांनी दगड-गोटे वेचून, काटे-बोराट्या तोडून ते वहितीखाली आणले. तीन पिढ्या त्यावर कसतात, पण सातबारा नावावर नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने जिल्ह्यातल्या सगळ्यांच्याच कापसाची दैना केली. त्यातून जो वाचला तो दोन वेचण्यांत घरी आला. वेचणीला बाया लावायच्या तर किलोवर मजुरी द्यावी लागते. म्हणून नात रोज संध्याकाळी कापूस तोलून वहीत मांडून ठेवीत होती. वहीत बेरीज होती ६ क्विंटल ४० किलो. शेठच्या चिठ्ठीवर आकडा होता ६ क्विंटल ८ किलो.

चिठ्ठी आम्ही तीनदा वाचली. भाव क्विंटलला ६,७०० रुपये. एकूण ४०,७३६ रुपये. त्यातून बियाणे-खताची उचल १४,००० वजा. हाती दिले २६,७३६. खाली ना सही, ना शिक्का, ना दुकानाचे नाव. बेरीज-वजाबाकी अगदी बरोबर होती. चूक बेरजेत नव्हतीच, ती तोलात होती आणि भावात होती.

नऊ हजारांचा हिशेब

आता वाचकांनी आमच्याबरोबर पेन्सिल घ्यावी.

तोलात ३२ किलोंचा फरक. वेचलेला कापूस घरात पडून वाळतो, वजन थोडे घटते, हे खरे आहे. म्हणून सहा किलो आम्ही त्या नावाने सोडून दिले. तरी २६ किलो उरतात. ६७ रुपये किलोने ते झाले १,७४२ रुपये.

आता भाव. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये हमीभाव ठरवला होता. लांब धागा आणि ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव. त्याहून जास्त ओलावा असेल तर टक्क्यामागे कपात. १२ टक्क्यांच्या वर असेल तर माल परत. मावशींचा कापूस उन्हात चांगला वाळवलेला होता. तो ६ क्विंटल ३४ किलो धरून ८,११० च्या भावाने मांडला तर ५१,४१७ रुपये होतात. मिळाले ४०,७३६. तफावत १०,६८१ रुपयांची. टेम्पोचे भाडे आणि हमाली मिळून दीड हजार वजा केले, तरी नऊ हजारांच्या वर रक्कम मावशींच्या घरात आली नाही.

नऊ हजार म्हणजे काय? वेचणीची मजुरी किलोला दहा रुपये धरली, तर नऊशे किलो कापूस वेचण्याचे कष्ट. मावशींची थोरली नात तंत्रनिकेतनात शिकते. तिच्या खानावळीचे तीन-चार महिन्यांचे पैसे याच रकमेत होते. "एक वर्ष घरी बस, पुढच्या साली बघू," असे घरात बोलणे चालले होते. मुलीच्या शिक्षणावर कोणी बंदी घातली नव्हती. बंदी घातली होती ती एका काट्याने आणि एका भावाने. आम्ही हा विषय आज सदरात घेतला तो एवढ्याचसाठी.

"मावशी, सरकारी केंद्रावर का नाही नेला?" आम्ही विचारले.

"सातबारा नाही म्हणल्यावर कोण दारात उभं करतंय, दादा?"

हेच खरे दुखणे आहे. हमीभावाने कापूस घेणाऱ्या सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर माल द्यायचा तर सातबारा हवा. त्यावर कापसाची नोंद हवी. ती २०२१ पासून मोबाइलवरच्या ई-पीक पाहणीने होते. २०२५ पासून तर 'कपास किसान' नावाच्या ॲपवर आधी नोंदणीही करावी लागली. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याच्या नावावर पीक कुठून येणार? कापूस शेतात उभा असतो, डोळ्यांना दिसतो, पण कागदाला दिसत नाही. आणि आमच्या कचेरीतल्या वीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, या देशात व्यापार मालाचा होतो तितकाच कागदाचाही होतो.

कापूस घरातून निघतो आणि कुठे जातो?

आपल्याकडच्या बाजारपेठेत दुकानाच्या पाटीवर लिहिलेले असते, 'ठोक व चिल्लर विक्रेते'. ठोक म्हणजे घाऊक. पोत्याने, क्विंटलने, ट्रकने होणारा व्यापार. चिल्लर म्हणजे किरकोळ. किलोने, पावशेराने, पुडीने होणारा. आणि तिसरा तो निर्यात व्यापार. देशाबाहेर जहाजाने जाणारा. पाठ्यपुस्तकात हे तीन वेगळे धडे असतात. एका कापसाच्या बोंडात मात्र तिन्ही धडे एकत्र असतात.

गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, परळी या आपल्या तालुक्यांतला कापूस आधी गावातला खरेदीदार घेतो. याला 'खेडा खरेदी' म्हणतात. तो माल जिनिंगवर जातो. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, ६३ ते ६५ किलो सरकी निघते, उरलेली घट. रुई दाबून १७० किलोंची गाठ बांधतात. म्हणजे एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. मावशींच्या दोन वेचण्या म्हणजे सव्वा गाठ. गाठ तिथून सूतगिरणीला जाते किंवा दलालामार्फत न्हावाशेवा बंदरात. अलीकडच्या वर्षांत आपल्या देशातल्या रुईचा मोठा गिऱ्हाईक बांगलादेश आहे. तिथे तिचे सूत होते, कपडे शिवले जातात आणि ते युरोप-अमेरिकेच्या दुकानांत टांगले जातात. सरकीचे तेल निघते, पेंड निघते, आणि ती पेंड मावशी आपल्या म्हशीला विकत आणतात!

ढोबळ हिशेब करू. एका क्विंटलची ३४ किलो रुई. कताईतली घट जाऊन २८ किलो सूत मिळाले असे धरा. एका शर्टाला पाव किलो सूत धरले तर ११२ शर्ट झाले. क्विंटलला सात हजार रुपये मिळाले तर एका शर्टामागे शेतकऱ्याला मिळाले साडेबासष्ट रुपये. त्यात सरकीचीही किंमत आली. तोच शर्ट भीमजयंतीला मुलासाठी घ्यायला गेलो की चारशे-पाचशेला पडतो. मधल्या माणसांनी काहीच केले नाही असे आमचे म्हणणे नाही. जिनिंगवाल्याने यंत्र चालवले, गिरणीने सूत काढले, शिंप्याने शिवले, दुकानदाराने भाडे भरले. पण त्या साखळीत प्रत्येक जण आपला भाव स्वतः सांगतो. फक्त पहिला माणूस, ज्याने पेरले आणि वेचले, तो विचारतो, "शेठ, आज काय भाव?"

आपल्या माणसाची गोष्ट एका ओळीत सांगायची तर अशी: तो विकताना ठोक विकतो आणि घेताना चिल्लर घेतो. विकताना सर्वांत खालचा भाव, घेताना सर्वांत वरचा. या दोन भावांमधल्या फटीतून आपली मजुरी, आपले शिक्षण, आपले औषधपाणी गळून जाते.

व्यापार आपल्याला परका नाही

"व्यापार हे आपलं काम नाही," असे आपल्यातले अनेक जण म्हणतात. हे म्हणणे आपले नव्हे, आपल्या तोंडी घातलेले आहे. तपस्सु आणि भल्लिक हे भगवान बुद्धांचे पहिले दोन उपासक. ते तांड्याने माल नेणारे व्यापारीच होते. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर, या दोन बाजारपेठांची नावे आहेत. तगरहून भरड कापड आणि तलम वस्त्रे गाड्यांतून भडोच बंदराला जात आणि तिथून समुद्रापार. पैठण ते तेर ही वाट आपल्याच मुलखातून गेली असणार. म्हणजे मराठवाड्याच्या कापडाची निर्यात दोन हजार वर्षांची जुनी आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यांत पैठणच्या मितदेव नावाच्या गंध विकणाऱ्याने दिलेल्या दानाचा लेख आजही दगडावर आहे.

मग मधे काय झाले? व्यापार जातीच्या कुंपणात गेला. बाबासाहेबांसारखा माणूस अमेरिकेतून अर्थशास्त्र शिकून आला. मुंबईत त्यांनी शेअर आणि व्यापारविषयक सल्ला देणारी कचेरी उघडली. सल्ला देणारा 'अस्पृश्य' आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि कचेरी बंद करावी लागली. पुढे १९१८ मध्ये तेच बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि ते कॉलेज वाणिज्य शिकवणारे! ज्यांनी सल्ला नाकारला त्यांची मुले त्यांच्यापुढे बाकावर बसली. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला हे आम्ही वाचले तेव्हा वसतिगृहाच्या खोलीत बराच वेळ गप्प बसून होतो.

भाव कुठे ठरतो?

गावातल्या भावाचा धागा फार लांब जातो. १८६१ मध्ये अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि मुंबईच्या बंदरातून हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळला. मुंबईतल्या मोठमोठ्या पेढ्या बसल्या. ज्यांनी चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढून कापूस लावला त्या शेतकऱ्यांचे काय झाले असेल ते सांगायला नको.

स्वतंत्र महाराष्ट्राने यावर एक उपाय केला. १९७१ च्या कायद्याने १९७२-७३ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. राज्यातला सगळा कापूस सरकारने घ्यायचा, खासगी व्यापाऱ्याला मज्जाव. आमच्या लहानपणी केंद्राबाहेर बैलगाड्यांच्या मैलभर रांगा आम्ही पाहिल्या आहेत. भाव जाहीर असे, ही मोठी गोष्ट होती. पण ग्रेड कोणती लावायची ते ग्रेडरच्या हाती आणि चुकारे महिनोन्‌महिने थकलेले. ज्याला उद्याच्या बाजाराला पैसे हवेत, तो गरीब चुकाऱ्याची वाट पाहू शकत नसे. तो आपली पावती कमी पैशांत दुसऱ्याला देऊन मोकळा होई. योजना तोट्यात गेली आणि २००२ च्या सुमारास खासगी खरेदीला दार उघडले. म्हणजे मक्तेदारी सरकारची असो की शेठची, ज्याला थांबता येत नाही त्याचा माल स्वस्तच जातो. थांबण्याची ताकद हेच व्यापारातले खरे भांडवल आहे.

आणि भाव दिल्लीतही ठरतो. २०१० मध्ये आणि मार्च २०१२ मध्ये केंद्राने कापसाची निर्यात अडवली. गिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा म्हणून. २०२२ च्या आरंभी भाव दहा हजारांच्या वर गेले, तर एप्रिलपासून परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काही महिने माफ झाले. १९ ऑगस्ट २०२५ ला ते पुन्हा माफ झाले आणि माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमके आपल्या वेचणीचे दिवस. आष्टी तालुक्यातल्या कड्याच्या बाजारात कांदा नेणाऱ्यांना हाच अनुभव डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या निर्यातबंदीत आला. भाव पडले की 'बाजार मुक्त आहे' असे ऐकवायचे आणि चढले की दार लावायचे, असा हा न्याय.

पण येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. निर्यात वाढली, रुपया स्वस्त झाला, की सगळ्यांचे भले होते असेही नाही. बाबासाहेबांनी १९२३ साली 'रुपयाचा प्रश्न' या आपल्या ग्रंथात हेच दाखवून दिले. रुपयाची किंमत उतरली की निर्यात करणाऱ्याला जास्त रुपये मिळतात, पण देशात महागाई वाढते आणि मजुरी तिच्यामागून लंगडत येते. निर्यातदाराचा नफा हा काही अंशी मजुराच्या ताटातून उचललेला असतो. मावशींच्या घरात हे दोन्ही आहे. दोन एकरांपुरत्या त्या विकणाऱ्या आहेत आणि वर्षाचे उरलेले आठ महिने मजुरीवर जगून विकत घेणाऱ्या आहेत. म्हणून 'निर्यात वाढली' अशी बातमी वाचली की आपण विचारावे, त्यातले किती बांधापर्यंत आले आणि किती मजुरीत उतरले?

चिल्लरच्या गल्ल्यावर

आता दुसरी बाजू. शेठनी मावशींची उचल कापून घेतली ती कशाची? त्यांच्याच दुकानातल्या बियाण्याची आणि खताची, उधारीच्या भावाने. खत चिल्लरमध्ये विकणारा तोच आणि कापूस ठोकमध्ये घेणारा तोच. त्यामुळे कापूस दुसऱ्याला द्यायची सोयच उरत नाही. उधारीची वही ही दोरी आहे. ती गळ्यात नसते, पण हाताला बांधलेली असते.

किराण्याचेही तसेच. हातावर पोट असले की महिन्याचा बाजार एकदम भरता येत नाही. तेल पुडीने, साबण वडीने, डाळ पावशेराने. जितके गरीब तितके महाग, असा हा उलटा बाजार आहे.

आणि वजनाचे काय? दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात ज्या गैरगोष्टींपासून दूर राहायला सांगितले आहे त्यांत 'तुलाकूट' आणि 'मानकूट' हे शब्द आहेत. म्हणजे खोटा तराजू आणि खोटे माप. अडीच हजार वर्षांपूर्वीही काट्यात मारणारे होते, आणि ते पाप आहे असे स्पष्ट सांगणारेही होते. आज त्याला कायदा आहे. २००९ च्या वैधमापन कायद्याने काट्याची ठरावीक मुदतीत तपासणी होऊन त्यावर मुद्रांकन व्हावे लागते. काट्यावर शिक्का आहे का, त्याची मुदत कधीची आहे, हे विचारण्याचा अधिकार पाच रुपयांचे मीठ घेणाऱ्यालाही आहे.

एक गोष्ट विसरू नये. गावात तंटा झाला की आपल्या वस्तीला दुकानातून माल न देणे, दळण न दळणे, हे हत्यार जुने आहे. सरकारच्या स्टार्ट समितीने, जिचे बाबासाहेब सदस्य होते, १९३० सालीच या बहिष्काराची दखल घेतली. ॲट्रॉसिटी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने २०१६ पासून आर्थिक व सामाजिक बहिष्कार हा स्पष्ट गुन्हा आहे. किराणा दुकान ही केवळ मालाची जागा नाही, ती हक्काचीही जागा आहे.

मग आम्ही काय केले?

मावशींची चिठ्ठी घेऊन शेठकडे जाण्यात अर्थ नव्हता. तिच्यावर सहीच नव्हती. गेलेले गेले. पण तिसरी वेचणी अजून शेतात होती.

गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने सुचवले, "माझ्या सातबाऱ्यावर घाला, क्विंटलला पाचशे मला द्या." मोह झाला नाही असे नाही. पण उद्या चौकशी निघाली तर अडकणार मावशीच, आणि आपला माल दुसऱ्याच्या नावावर विकला की आपला कसण्याचा पुरावाही त्याच्याच नावावर जातो. आम्ही नको म्हणालो.

त्याऐवजी वस्तीतली तीन घरे एकत्र केली. तिघांचा मिळून १४ क्विंटल कापूस झाला. एका टेम्पोत भरून तो तालुक्याच्या जिनिंगवर नेला. आधी धर्मकाट्यावर भरलेला टेम्पो तोलला, पावती घेतली. मग लिलावात उभे राहिलो. ओलावा आमच्यासमोर मोजला. भाव मिळाला ७,३००. हमीभाव नव्हेच, पण गावातल्या भावापेक्षा क्विंटलला सहाशे जास्त. तीन घरांत मिळून ८,४०० रुपये जास्तीचे आले. भाडे-हमालीचे २,१०० वजा जाता ६,३०० उरले. त्यातून नातीची दोन महिन्यांची खानावळ निघाली. पोरगी कॉलेजात आहे. ही काही क्रांती नव्हे, हे आम्हांस कळते. पण परतताना टेम्पोत मावशी म्हणाल्या, "दादा, आज पहिल्यांदा भाव मी ऐकला नाही, मी विचारला." आम्हांला तेवढे पुरे झाले.

दुसरे काम कागदाचे. भूमिहीनांना पडीक जमीन मिळावी म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह झाला, लोकांनी तुरुंग भरले. आपल्याच जिल्ह्यात ॲड. एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानातून गायरानाचा प्रश्न गावोगाव लढवला. मागासवर्गीय भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय नोव्हेंबर १९९१ चा आहे. तरी असंख्य घरांचे कागद अजून झालेले नाहीत. मावशींच्या पत्र्याच्या पेटीत सासऱ्यांच्या नावाच्या दंडाच्या दोन जुन्या पावत्या सापडल्या. त्यांना ते कलंक वाटत होते, म्हणून तळाशी लपवून ठेवल्या होत्या. आम्ही सांगितले, "मावशी, हा दंड नाही, हा पुरावा आहे." तलाठ्याकडून गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, तिचा उतारा मागितला आहे. अर्जाची पोच घेतली आहे. निकाल केव्हा लागेल सांगता येत नाही, पण फाइल आता जिवंत आहे.

वाचकांना विनंती

फार मोठे काही सांगत नाही. घरोघर होण्याजोगे पाचच मुद्दे.

एक. रोजच्या वेचणीचे वजन मुलीच्या हाताने वहीत मांडून ठेवा. नातीची वही नसती तर ही चोरी कुणाला दिसलीच नसती.

दोन. सही, तारीख आणि नाव नसलेली चिठ्ठी घेऊ नका. पावती द्यायला जो घाबरतो, तो काही तरी लपवतो.

तीन. दोन-चार घरांनी माल एकत्र करा. सहा क्विंटलवाल्याशी कोणी बोलत नाही, चाळीस क्विंटलवाल्याला खुर्ची मिळते. घेतानाही तसेच. विहारातल्या महिला बचत गटाने महिन्यातून एकदा मोंढ्यातून तेलाचा डबा, साखरेचे पोते, डाळ एकत्र आणून वाटून घेतली तर आपणही ठोकच्या भावाने घेऊ शकतो. बचत गटाचा पैसा फक्त कर्जाऊ फिरवण्यापुरता ठेवू नका.

चार. मोंढ्यात, जिनिंगवर हमाली करणाऱ्या आपल्या भावांनी १९६९ च्या माथाडी कायद्याची माहिती घ्यावी आणि नोंदणी करावी. व्यापाराचा सगळा डोलारा ज्यांच्या पाठीवर उभा आहे, त्यांचे नाव कुठल्याच वहीत नसावे हे बरे नव्हे.

पाच. गायरान कसणाऱ्यांनी जुने कागद, दंडाच्या पावत्या, नोटिसा, पंचनामे, सगळे एका पिशवीत घालून जपून ठेवा. उंदीर-वाळवीपासून वाचवा. त्यांतच उद्याचा सातबारा आहे.

आणि आपली शिकलेली मुले? बी.ए., बी.कॉम. होऊन दहा-दहा वर्षे भरतीची वाट पाहतात. नोकरीचा हक्क सोडायचा नाहीच. पण कुणी अडतीचा परवाना काढावा, कुणी गटाचे दुकान चालवावे, कुणी बालाघाटच्या डोंगरातल्या सीताफळाचा गर करून विकावा. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण डोंगरात फिरून ते तोडणाऱ्या बायका मात्र अजून रस्त्याकडेला टोपली घेऊन बसतात आणि ठोकवाला सांगेल त्या भावाने देऊन उठतात.

मुलांसाठी या आठवड्याचा हिशेब असा: समजा, तेलाची ४० ग्रॅमची पुडी १० रुपयांना मिळते आणि तेच तेल डब्याच्या भावात १७० रुपये किलो पडते. तुमच्या घरी महिन्याला ३ किलो तेल लागते. पुडीने घेतल्यास वर्षाला किती रुपये जास्त जातात? उत्तर काढून आईला दाखवा, आणि त्या पैशांत किती वह्या येतील तेही तिला सांगा.

मावशींची नात पहिली उत्तर काढील, याची आम्हांला खात्री आहे.

जयभीम!